ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: मशीन चांगलं, पण बाटलीच्या झाकणाने जीव खाल्ला

हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं, मिनिटाला पाच लिटरचं मशीन आहे, आईच्या सीओपीडीसाठी (धाप लावणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) घेतलेलं. डॉक्टरांनी दोन लिटरवर, रात्र धरून दिवसाला किमान 15 तास लावायला सांगितलंय, म्हणजे ते जवळपास कायम चालूच असतं. सुरुवातीचे महिने मी भेटेल त्याला हेच घ्या म्हणून सांगत होतो. आई पुन्हा स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जायला लागली, त्यापुढे आवाजाची तक्रार कोण करणार?

मग अचानक तिची धाप वाढली. रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा ऑक्सिमीटर 85-86 टक्क्यांच्या वर जाईना. मशीनवर हिरवा दिवा, फ्लोमीटरमधली गोळी बरोबर दोनवर. सर्व्हिसला फोन लावला, तर पलीकडून उत्तर आलं, "मशीन ओके आहे. तुम्ही चारवर करा."

याचा राग अजून गेलेला नाही. सीओपीडीच्या काही पेशंटना जादा ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते. आईला 88 ते 92 मध्येच ठेवायचं आहे ते त्यासाठीच. लिटर वाढवणं म्हणजे औषधाचा डोस वाढवणं. तो सर्व्हिसवाल्याने फोनवर ठरवायचा नसतो.

दोष सापडला आईला श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना. त्यांनी नळी नाकाजवळ घडी घालून दाबून धरली. सगळं घट्ट असेल तर दाब वाढून, ऑक्सिजन ओलसर करायला मशीनला लावलेल्या पाण्याच्या बाटलीवरचा व्हॉल्व्ह शिट्टी मारतो आणि गोळी खाली येते. आमच्याकडे शिट्टी नाही आणि गोळी जागची हलली नाही. बाटलीचं झाकण तिरकं बसलं होतं आणि ऑक्सिजन तिथूनच निसटत होता. गोळी मशीनमधून किती निघाला ते दाखवते, नाकात किती पोचला ते नाही. हिरवा दिवा पाहतो फक्त शुद्धता. त्यामुळे अलार्म वाजायचा प्रश्नच नव्हता.

पाणी रोज बदलायचं, म्हणजे झाकण रोज उघडायचं, आणि त्याचे आटे इतक्या मऊ प्लॅस्टिकचे! एवढं महागडं मशीन आणि सगळा भरवसा या झाकणावर. नळी दाबून बघायची ही चाचणी मशीन बसवायला आलेल्या माणसाने दाखवली नाही, माहितीपुस्तिकेतही नाही. घरी काळजी घेणाऱ्याला सगळ्यात आधी हेच शिकवायला हवं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की इतक्या कमी फ्लोला बऱ्याच जणांना बाटली लागतच नाही. त्यांच्या सल्ल्याने ती काढली, नळी थेट मशीनला जोडली. डिस्टिल्ड वॉटरचा खर्च वाचला. नाक थोडं कोरडं पडतं, त्याला पाण्यात विरघळणारं जेल लावतो. ऑक्सिजनजवळ पेट्रोलियम जेली किंवा तेलकट मलम नको. तेव्हापासून मशीनबद्दल माझं मत पुन्हा चांगलं झालंय.

बाकी किरकोळ. बाहेरचा फिल्टर दर आठवड्याला धुवून पूर्ण वाळवून लावायचा आणि मशीन भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही, नाहीतर तापतं. वीज गेली की अलार्म वाजतो, पण मशीनला बॅटरी नाही, त्यामुळे भरलेला सिलिंडर शेजारी हवाच.

चार तारे. पाचवा कापला तो झाकणासाठी आणि त्या "चारवर करा"साठी. लेखी तक्रारीनंतर कंपनीने नवं झाकण पाठवलं, तेही त्याच मऊ प्लॅस्टिकचं. ज्यांच्या पेशंटला बाटली लागतेच, त्यांनी पाणी बदललं की दर वेळी नळी दाबून शिट्टी ऐका.