तीन वॅटचा सुटा लाल एलईडी: छाप्यावर जाऊ नका

सोलापूरच्या बाजारात २० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम स्टार पीसीबीवर (ताऱ्याच्या आकाराच्या सर्किट पट्टीवर) मिळणारा हा लाल एलईडी आकाशदर्शनाच्या टॉर्चसाठी चांगला आहे, पण ‘तीन वॅट’ हे लेबल फसवं. ७०० मिलिअँपिअरला साधारण २.४ व्होल्ट धरले तर जेमतेम १.७ वॅट होतात.

करंटची खरी मर्यादा काढायची तर पीसीबीखाली थर्मल पेस्टचा (उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा) पातळ थर द्या, हीटसिंकवर (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) दोन स्क्रूंनी आवळा. बेंच सप्लायवर (करंट कमी-जास्त करता येणाऱ्या वीजपुरवठ्यावर) करंट शून्यापासून १०० मिलिअँपिअरने वाढवा. दर पायरीला ३० सेकंद थांबून मगच लक्समीटर (प्रकाश मोजणारं यंत्र) बघा. मीटर जागचा हलवायचा नाही. घाईने घेतलेलं रीडिंग हमखास जास्त येतं. लाल चिप तापली की पांढऱ्यापेक्षा खूप जास्त मंदावते, शिवाय रंग गडद लालकडे सरकतो आणि डोळ्याला तो आणखी फिका दिसतो. करंट वाढवूनही लक्स वाढेना, की थांबा. पुढे नुसती उष्णता. त्या वेळच्या करंटच्या सत्तर टक्के रोजच्या वापराला पुरे. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, तेव्हा एसीत घेतलेल्या चाचणीवर विसंबू नका.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पांढऱ्या एलईडीचा डायरेक्ट ड्राइव्ह ड्रायव्हर (करंटला लगाम न घालता सेल थेट एलईडीला जोडणारं सर्किट) लावणं. भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा आणि लाल एलईडीला लागतात २.४, त्यामुळे करंट बेफाम वाढून आतली बाँड वायर (चिपला जोडणारी केसासारखी तार) जळते. त्याऐवजी ७१३५ या करंट ठराविक ठेवणाऱ्या दोन चिप लावा: बरोबर ७०० मिलिअँपिअर. पण मग सेल भरलेला असताना उरलेल्या १.८ व्होल्टचे १.२६ वॅट ड्रायव्हरमध्येच जिरतात, म्हणून तोही टॉर्चच्या बॉडीला टेकवावा लागतो.