मंडईत सकाळीच जा
पुण्याची महात्मा फुले मंडई म्हणजे १८८६ ची इमारत, आधीचं नाव रे मार्केट. ज्या फुल्यांनी नगरपालिकेत असताना या खर्चाला विरोध केला, पैसा शिक्षणावर लावा म्हणाले, त्यांचंच नाव आज मंडईला आहे हे मला फार भारी वाटतं. आत शिरलं की मान आपोआप वर जाते, मधला अष्टकोनी मनोरा, दगडी बांधकाम, आणि खाली उंच गाळ्यांवर मांडी घालून मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसलेल्या मावशी. मी आल्याचा तुकडा मोडून वास घेत होते तर एकीने स्वतःच कोवळं आलं निवडून दिलं, वर मूठभर कोथिंबीर! आता मेट्रोचं मंडई स्टेशन झालंय त्यामुळे पार्किंगचं टेन्शन नाही, कापडी पिशव्या मात्र दोन जास्तच न्या.