काळा घोड्याच्या दालनात सुत्येस्का

काळा घोडा परिसरातील एका खासगी कलादालनात भरलेले, पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील फॅसिस्टविरोधी लढवय्यांच्या स्मारकांचे छायाचित्र प्रदर्शन आवर्जून पाहावे असे आहे. १९४३ मध्ये सुत्येस्का नदीच्या खोऱ्यात जर्मन वेढा फोडताना हजारो पार्टिझान, म्हणजे फॅसिस्टांशी लढणारे युगोस्लाव्ह गनिमी सैनिक, मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ मिओद्राग झिव्कोविच यांनी घडवलेले आणि १९७१ मध्ये पूर्ण झालेले, पंखांसारखे पसरलेले काँक्रीटचे दोन प्रचंड सुळके येथे भिंतभर आकारात पाहायला मिळतात आणि पाठीमागच्या डोंगररांगेशी शिल्पकाराने त्यांचे जे नाते जुळवले आहे, ते नीट उमगते. जवळ गेल्यावर काँक्रीटवर उतरलेले पावसाचे काळे ओघळही दिसतात. क्रोएशियातील पेट्रोवा गोरा या डोंगरावरील, शिल्पकार वोयिन बाकिच यांनी घडवलेल्या स्मारकाचे स्टेनलेस स्टीलचे पत्रे चोरीला गेले आहेत. त्याचे उघडेबोडके रूप दाखवणारे छायाचित्र मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात टांगले आहे, ही मांडणी मुळीच पटली नाही. (त्याच १९४३ च्या २ जानेवारीला आपल्या सिद्धगडावर ब्रिटिशांविरुद्ध लढणारे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, त्यामुळे मुंबईकराला हा विषय परका वाटू नये.) छायाचित्रांखालील माहिती केवळ इंग्रजीत आणि बारीक टायपात असल्याने ज्येष्ठांनी चष्मा सोबत ठेवावा. प्रवेश विनामूल्य आहे. जिना मात्र अरुंद असून लिफ्टची सोय नाही.