अजिंठ्याचा अभ्यासदौरा की भित्तिलेपाची कार्यशाळा?

पदव्युत्तर वर्गाला प्राचीन भित्तिचित्रे शिकवताना कलाविभागापुढे दोन पर्याय असतात: अजिंठ्याचा अभ्यासदौरा किंवा महाविद्यालयातच भित्तिलेपाची कार्यशाळा.

दौऱ्याचे बळ प्रमाण आणि जागा यांच्या आकलनात आहे. पहिल्या लेण्यात चितारलेला बोधिसत्त्व पद्मपाणी पुस्तकात एकटा दिसतो. प्रत्यक्षात तो गर्भगृहाच्या वाटेवर डावीकडे, उजवीकडच्या वज्रपाणीच्या जोडीने उभा आहे, हे तिथे गेल्यावरच नीट उमगते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून या चित्रांच्या प्रतिकृती तिथेच करवून घेतल्या. तसे दीर्घ वास्तव्य आज शक्य नाही. मंद प्रकाश, गर्दी आणि मोजका वेळ यांत रेखाटन घाईचे होते.

कार्यशाळेत मात्र वेळ आपला असतो. मातीत भुसा आणि वनस्पतींचे तंतू मळून लेप द्यायचा, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवायचा आणि तो वाळल्यावर सरसात कालवलेले खनिज रंग लावायचे, हा क्रम स्वतः केला की अजिंठ्याचे तंत्र ओल्या गिलाव्यावरील चित्रणाहून वेगळे का, हे व्याख्यानाशिवाय समजते. लेपाला तडे गेले तर मिश्रणाचे प्रमाण पुन्हा तपासावे लागते, आणि माझ्या मते खरे शिक्षण त्या तपासणीतच घडते.

म्हणून कार्यशाळा आधी आणि दौरा नंतर, हा क्रम मला योग्य वाटतो. निधी एकाचाच असेल, तर चित्रकारांना कार्यशाळा द्यावी. कलेतिहासाच्या विद्यार्थ्यांना मात्र लेणीच दाखवावीत.