टूलरूम चोख, स्क्रू मोठा: वेर्ण्यातले दोन मटेरियलचे बारीक मोल्डिंग

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या या जॉबवर्क शॉपची (दुसऱ्यांच्या ऑर्डरवर प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्याची) टूलरूम, म्हणजे साच्यांचा विभाग, अव्वल आहे. काम असे: पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकची 0.12 ग्रॅमची रिंग, तिच्यावर टीपीयू या रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची 0.03 ग्रॅमची सील, डाय (साचा) चार कॅव्हिटीची, म्हणजे एका वेळी चार नग देणारी. टीपीयू 0.02 मिलिमीटरच्या फटीतूनही बाहेर सरकतो, त्यामुळे सगळी मदार शट-ऑफवर, म्हणजे माल अडवणाऱ्या डायच्या कडेवर. इथे दुसऱ्या, म्हणजे सीलच्या डायचे पोलाद रिंगच्या कडेवर किंचित दाबून बसवले आहे. भिंगाखालीही फ्लॅश (बाहेर सरकलेल्या मालाची पातळ झालर) दिसत नाही.

अडतेय ते मशीनपाशी. वितळलेला माल डायमध्ये ढकलणारा त्यांच्याकडचा सर्वांत लहान स्क्रू 25 मिलिमीटर व्यासाचा. तो 0.1 मिलिमीटर मागेपुढे झाला तरी सुमारे 0.05 ग्रॅम माल कमी-जास्त जातो, आणि चारही सील मिळून वजन फक्त 0.12 ग्रॅम! म्हणून एकाच लॉटमध्ये अर्धवट भरलेल्या सील निघतात. 14 मिलिमीटरच्या स्क्रूवर हाच फरक 0.017 ग्रॅमच्या आसपास राहतो. शिवाय शॉट (एका वेळी डायमध्ये जाणारा माल) लहान आणि बॅरल (स्क्रूभोवतीची तापलेली नळी) मोठे, त्यामुळे टीपीयू आत तापत पडून राहतो, पिवळा पडतो. शॉपने रनर (कॅव्हिटीपर्यंत माल नेणारी वाट) जाड करून शॉटचे वजन वाढवले आहे. त्याने थोडा फरक पडतो, पण रनरमध्येच बराच माल जातो.

वाळवणीत मात्र हे लोक पक्के, आणि गोव्याच्या पावसाळ्यात ते फार मोलाचे. साधा गरम हवेचा ड्रायर बाहेरची दमट हवाच ओढतो. इथे डीह्युमिडिफाइंग ड्रायर आहे. पॉलिकार्बोनेट 120 अंशांवर 3 ते 4 तास, टीपीयू 80 ते 90 अंशांवर 2 ते 3 तास, ओलावा 0.02 टक्क्यांखाली. बारीक कामातली खरी मेख पुढे आहे: रनर धरून टीपीयूचा शॉट अर्ध्या ग्रॅमचा आणि सायकल 30 सेकंदांची असेल, तर तासाला जेमतेम 60 ग्रॅम माल लागतो. हॉपरमध्ये (मशीनवरच्या दाण्यांच्या डब्यात) किलोभर दाणे ओतले तर ते 16 तास तिथेच ओल धरत बसतील. इथला ऑपरेटर थोडे-थोडे भरतो, झाकण बंद ठेवतो.

रिंग एका मशीनवरून दुसऱ्यावर हाताने नेतात. बोटाचा घाम लागला किंवा रिंग थंड पडली की चिकटण कमी होते. हातमोजे वापरतात, पण रिंग आधी गरम करत नाहीत; 80 अंशांच्या ट्रेची मागणी ऑर्डरमध्येच लिहून घ्या. नमुन्याची सील ओढून पाहा: टीपीयू मधून फाटून त्याचा थर रिंगवर उरला तर जोड पक्का, सील सालीसारखी अख्खी निघाली तर लॉट परत करा.