मुलांसाठीचा परावर्तक संच: बंडीपेक्षा घोट्यांवरच्या पट्ट्या मोलाच्या

दिवस लहान असतात त्या महिन्यांत माझी 7 वर्षांची मुलगी शाळेतून घरी येईपर्यंत अंधार पडलेला असतो. पायी येणाऱ्या मुलांसाठी म्हणून विकला जाणारा एक परावर्तक संच मी तिच्यासाठी घेतला आणि चार महिने तो रोज वापरला. संचात फ्लुओरोसेंट पिवळ्या रंगाची, रुपेरी पट्ट्यांची बंडी, घोट्यांवर बांधायच्या दोन पट्ट्या आणि दप्तराला अडकवायचे लोलकासारखे एक परावर्तक एवढ्या वस्तू आहेत.

खोक्यावर ‘दिवसरात्र सुरक्षित’ असे छापले आहे, आणि माझा पहिला आक्षेप त्यालाच आहे. फ्लुओरोसेंट रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे शोषून ती दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो, म्हणून तो दिवसा आणि संधिप्रकाशात उठून दिसतो. अंधारात मात्र तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. रात्री काम करतात त्या रुपेरी पट्ट्या, कारण त्यांतील सूक्ष्म काचमणी दिव्याचा प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवतात. याचाच अर्थ असा की गाडीच्या दिव्यांचा झोत मुलावर पडला नाही, तर पट्टी कितीही चांगली असली तरी चालकाला काहीही दिसत नाही. वळणावरून येणारी गाडी किंवा उभ्या वाहनांच्या मधून अचानक रस्त्यावर येणारे मूल, या दोन्ही प्रसंगी हा संच फारसा कामाचा नाही, आणि लहान मुलांचे अपघात नेमके अशाच ठिकाणी पुष्कळ होतात.

आम्ही एका रिकाम्या, अंधाऱ्या रस्त्यावर गाडीचे दिवे लो बीमवर ठेवून चाचणी घेतली. मुलीने पाठीवर दप्तर घेताच बंडीची मागची बाजू जवळजवळ पूर्ण झाकली गेली. खांद्यांजवळ रुपेरी रंगाचा एक तुकडा तेवढा उरला. शाळकरी मुलांसाठी बनवलेल्या वस्तूत दप्तराचाच विचार होऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटले. लोलक हलताना लक्ष वेधतो खरा, पण तो फार लहान आहे.

घोट्यांवरच्या पट्ट्यांनी मात्र मला चकित केले. बंडीची चमक दुरून दिसते, पण ती रस्त्याकडेचा फलक आहे की माणूस, हे लगेच उमगत नाही. वर-खाली, पुढे-मागे हलणारे दोन ठिपके दिसले की कोणीतरी चालत आहे हे क्षणार्धात कळते. सांध्यांच्या हालचालीवरून माणूस ओळखण्याची आपल्या दृष्टीची ही क्षमता संशोधनातून चांगली सिद्ध झालेली आहे, आणि म्हणूनच घोटे, गुडघे व मनगटे येथील पट्ट्या छातीवरच्या पट्टीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

तरीही पालकांनी या संचाकडून किती अपेक्षा ठेवावी, हे स्पष्ट सांगायला हवे. अशा साधनांमुळे पादचारी चालकाला अधिक लांबून दिसतो, याला पुरावा आहे. त्यामुळे अपघात प्रत्यक्षात किती कमी होतात, याचा भक्कम पुरावा मात्र उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या पद्धतशीर आढाव्यांतही सापडलेला नाही. प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना वेगाने जवळ येणाऱ्या गाडीचा अंदाज मोठ्यांइतका येत नाही. कोरड्या रस्त्यावर, धोका पाहून ब्रेक दाबायला चालकाला 1 सेकंद लागला असे धरले, तर ताशी 30 किलोमीटर वेगाची गाडी सुमारे 13 मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी 50 किलोमीटर वेगाच्या गाडीचा चालक तेवढ्या अंतरात जेमतेम ब्रेकवर पाय ठेवतो. पादचारी आणि वाहने एकत्र वावरतात तेथे कमाल वेग 30 असावा, असे रस्ता सुरक्षेविषयीच्या 2020 च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे ते उगीच नव्हे. शाळेभोवतालचा वेग कमी करण्याची जबाबदारी 7 वर्षांच्या मुलीच्या घोट्यांवर टाकता येत नाही.

दर्जाबद्दल थोडेसे. बंडीची बाजूची बंदे ओढ बसताच सुटतात, त्यामुळे ती कशात अडकली तरी मूल फरफटत जाण्याचा धोका कमी होतो. हा भाग विचारपूर्वक केलेला आहे. युरोपात अशा वस्तूंसाठी असलेल्या ईएन 17353 मानकाचा किंवा तत्सम कोणत्याही मानकाचा उल्लेख खोक्यावर नाही, आणि पट्ट्या किती धुण्यांपर्यंत टिकतील हेही लिहिलेले नाही. दहाएक धुण्यांनंतर बंडीवरील पट्ट्यांना भेगा पडल्या. घोट्यांवरच्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसत असल्यामुळे त्या अजून शाबूत आहेत.

हा संच मी पुन्हा घेणार नाही. केवळ घोट्यांच्या पट्ट्या वेगळ्या मिळत असतील तर त्या जरूर घ्याव्यात आणि रुंद परावर्तक फीत दप्तराच्या मागे व दोन्ही बाजूंना शिवून घ्यावी. आम्ही तेच केले आहे. महिन्यातून एकदा अंधाऱ्या खोलीत डोळ्याशेजारी टॉर्च धरून मी त्या सगळ्या तपासते, आणि जिची चमक मंदावली असेल ती लगेच बदलते.