होपी ओव्हरलेचं चांदीचं कडं: रोजच्या वापराला उत्तम, पण फुकटच्या उजाळ्यापासून जपा

फुकट उजाळा देतो म्हटलं की आपण लगेच हातातलं काढून देतो. होपी कडं, म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या होपी या मूळनिवासी जमातीच्या कारागिरांनी घडवलेलं, देऊ नका. एका दुकानात ते डिपमध्ये (चांदीचा काळेपणा विरघळवणाऱ्या द्रावणात) बुडवून, वर बफ मारून परत मिळालं. नक्षीतला काळा तळ गायब, पायऱ्यांसारख्या ढगांच्या नक्षीच्या कडा बोथट, सगळं एकजात पांढरं. तक्रारीवर उत्तर काय, तर "काळं पडलं होतं, साफ करून दिलं." एरवी हा रिव्ह्यू चार ओळींत संपला असता.

ओव्हरले म्हणजे एकावर एक झाळलेले दोन पत्रे. वरच्या पत्र्यात बारीक करवतीने नक्षी आरपार कापायची, तो खालच्या अखंड पत्र्यावर झाळायचा आणि खोलगट भाग काळा करायचा. आतल्या प्रत्येक आकारासाठी आधी भोक पाडून पातं त्यातून ओवावं लागतं. खरी मेख झाळण्यात आहे. झाळ कमी पडली तर दोन पत्र्यांत फट राहते, जास्त झाली तर वितळून नक्षीच्या खोलगट भागात पसरते आणि टोकदार कोपरे भरून टाकते. वरून आच जरा जास्त लागली की पत्र्याची बारीक टोकंच वितळतात.

होपी कामाची ओळख म्हणजे त्या काळ्या तळावरच्या बारीक रेघा. छोट्या छिन्नीने एकेक ठोकलेल्या. जुन्या दागिन्यांत तळ सपाट असायचा, हा पोत नंतर रुळला. शेजारच्या नवाहो जमातीच्या ओव्हरलेत तळ बहुतेकदा गुळगुळीतच दिसतो. रेघांचा उपयोग नुसता शोभेचा नाही. खडबडीत तळावर काळेपणा धरून राहतो आणि उजेड परतत नाही, म्हणून नक्षी हातभर अंतरावरूनही वाचता येते. डिपने हाच काळा थर विरघळवला. तो मळ नव्हताच, चांदीवर मुद्दाम चढवलेला सल्फाइड, म्हणजे चांदी आणि गंधकाचा काळा थर होता. शिवाय फटीत शिरलेलं डिपचं पाणी पुढे बरेच दिवस कडेने पाझरून डाग पाडतं.

आपल्या घरातला ॲल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याचा उपायही इथे तेवढाच घातक, कारण तोही सल्फाइडच घालवतो. टूथपेस्ट आणि रांगोळी वरचा फिनिश ओरबाडतात. कोमट पाणी, रिठा किंवा भांड्यांचा सौम्य साबण, मऊ ब्रश आणि लगेच कोरडं पुसणं, एवढं पुरतं.

गेलेला काळा रंग परत आणायला दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून काम घरीच केलं. खर्च जवळपास काहीच नाही. आधी तेलकटपणा साबणाने पूर्ण घालवायचा, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो. कपभर गरम (उकळतं नव्हे) पाण्यात लिव्हर ऑफ सल्फरचा (चांदी काळी करणाऱ्या गंधकयुक्त रसायनाचा) वाटाण्याएवढा खडा. कडं गरम पाण्यात धरून मग या द्रावणात काही सेकंद बुडवायचं, काढायचं, धुवायचं, पुन्हा बुडवायचं. रंग पिवळा, तपकिरी, जांभळट करत काळ्यावर येतो. घाई म्हणून द्रावण घट्ट केलं तर जाड थर बसतो आणि पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. शेवटी सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवायचं. खिडक्या उघड्या ठेवा, आणि यात आम्ल चुकूनही जाऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो.

पुढची पायरी लोक बिघडवतात. वरचा पत्रा पुन्हा पांढरा करताना बोटाने फडकं घासलं की ते खड्ड्यात उतरतं आणि तळाचा काळाही पुसतं. ६०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळायचा आणि कड्याच्या लांबीने एकाच दिशेने फिरवायचा. शेवटी ०००० नंबरच्या स्टील वूलचा हलका हात.

सुरुवातीला वरच्या सॅटिन (मंद चमकेच्या) फिनिशवर पटापट ओरखडे येतात म्हणून चिडचिड झाली होती. आता मत बदललं आहे. रोज वापरल्यावर ते ओरखडे एकमेकांत मिसळून पृष्ठभाग मऊ, एकसारखा दिसू लागतो. घामानेही तळाचं काही बिघडलं नाही.

कडं एका बाजूला उघडं असतं, पण घालताना दोन्ही टोकं ताणून उघडू नका. मनगटाच्या बाजूच्या अरुंद भागातून सरकवा आणि मग फिरवा. वारंवार वाकवलं की चांदी कडक होते आणि नक्षी जिथे सर्वांत अरुंद, तिथेच ताण येऊन चीर पडते. ती सांधायला कोणी कथलाची डाक देऊ म्हटलं तर कडं उचला आणि चालू लागा. पुढे कधी नीट झाळायची वेळ आली की ते कथील गरम होऊन चांदीतच खड्डे पाडतं.

किमतीचं काय? वजनावर भाव लावणाऱ्याला हे कडं परवडणार नाही. चांदी ९२.५ टक्केच, मोडीत त्याच दराने जाईल. पैसे घडणावळीचे आहेत. ही शैली रुजायला फ्लॅगस्टाफच्या म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोनाने १९३०च्या दशकाअखेर चालना दिली. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या होपी सैनिकांना १९४७पासून फ्रेड कबोटी यांनी नक्षी आणि पॉल सौफ्की यांनी धातुकाम शिकवलं, आणि १९४९मध्ये कारागिरांचं सहकारी गिल्ड (संघ) उभं राहिलं. पैसे घडणावळीचे, त्यामुळे नक्कलही भरपूर. ओतीव नक्कल ओळखायला कड्याची धार भिंगाखाली बघा. खऱ्या कामात दोन पत्र्यांचा सांधा अनेकदा बारीक रेघेसारखा दिसतो आणि नक्षीच्या भिंती सरळ उभ्या असतात. ओतीव मालात त्या उतरत्या, कोपरे गोल. आतल्या बाजूला कारागिराची खूण हवी, आणि पावतीवर त्याचं नाव व "होपी" असं लिहून घ्या. मूळनिवासी कारागिरांच्या नावावर खोटा माल विकणं अमेरिकेत १९९०च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे प्रामाणिक विक्रेता लिहून द्यायला कां कूं करत नाही.

अंगठी घ्यायचा विचार असेल तर मापाची खात्री आधीच करा. पूर्ण वेढ्यावर नक्षी असली की माप बदलताना नक्षी कापावीच लागते, आणि आचेने काळा रंगही जातो.